‘प्रोफेस’ आपला, ‘डीम्ड’ सरकारचा

कायद्याच्या इंग्रजीत असे काही शब्द आहेत, की जे बाजारात कोणी बोलत नाही आणि शाळेत कोणी शिकवीत नाही; परंतु त्यांच्या अर्थावर लक्षावधी माणसांचे शिक्षण, चाकरी आणि प्रतिनिधित्व तोललेले असते. ‘प्रोफेस’ हा असा एक शब्द होय. ‘डीम्ड’ हा दुसरा. हे दोन शब्द एकाच वाक्यात बसविले गेले, आणि त्या एका वाक्याने धर्मांतरित बौद्ध समाजाला जवळजवळ चौतीस वर्षे हक्कांच्या दाराबाहेर तिष्ठत ठेवले. ते दार १९९० साली उघडले. उघडल्यालाही पस्तीस वर्षे उलटून गेली. तरीदेखील दाराच्या आत जावे की बाहेरच उभे राहावे, आत जाताना नाव काय सांगावे, याविषयी आमच्या घराघरांतून अद्याप गोंधळ आहे.

रामटेक तालुक्यातील खेड्यांतून नवदीक्षित कुटुंबांना आज तीन प्रकारचे सल्ले ऐकावे लागतात. पहिला सल्ला भित्र्याचा. तो म्हणतो, “बुद्ध मनात असू द्या, कागदावर हिंदू राहू द्या, पोरांचे नुकसान कशाला?” दुसरा सल्ला अतिनिष्ठाचा. तो म्हणतो, “आम्ही जात टाकली. आता जातीच्या रकान्यातही ‘बौद्ध’ एवढेच लिहू. महार, मांग हे शब्द लेखणीतून उतरणार नाहीत.” तिसरा सल्ला टेबलामागच्या कारकुनाचा. तो म्हणतो, “एक तर बौद्ध तरी सांगा, नाही तर महार तरी सांगा, दोन्ही कसे चालेल?” हे तिघे एकमेकांचे विरोधक दिसतात. वस्तुतः तिघांची चूक एकच आहे. ‘प्रोफेस’ म्हणजे काय आणि ‘डीम्ड’ म्हणजे काय, यांतला भेद तिघांनीही केलेला नाही. तो भेद एकदा नीट ध्यानात आला की तिन्ही सल्ले आपोआप गळून पडतात. म्हणून या दोन शब्दांची उलटतपासणी करणे अगत्याचे आहे.

वाक्य कोणते?

भारतीय संविधानाच्या ३४१व्या अनुच्छेदान्वये राष्ट्रपतींनी १० ऑगस्ट १९५० रोजी अनुसूचित जातींविषयीचा आदेश काढला. त्यात राज्यवार जातींची यादी आहे. यादी देऊन झाल्यावर तिसऱ्या परिच्छेदात एक अट घातली आहे. तिचा आजचा आशय असा : दुसऱ्या परिच्छेदात काहीही म्हटलेले असले तरी, हिंदू, शीख किंवा बौद्ध धर्माहून वेगळा धर्म जी व्यक्ती ‘प्रोफेस’ करते, ती अनुसूचित जातीची असल्याचे ‘डीम’ केले जाणार नाही.

या वाक्यातला ‘बौद्ध’ हा शब्द मूळचा नाही. १९५० साली तेथे फक्त हिंदू धर्माचे नाव होते, आणि पंजाबकडील चार शीख जातींपुरता अपवाद होता. सप्टेंबर १९५६ मध्ये संसदेच्या कायद्याने शीख धर्माचे नाव सर्वांसाठी घातले गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भूमीवर लक्षावधी माणसांनी बुद्धाला शरण जात असल्याचे उच्चरवाने सांगितले. त्यांचे नाव त्या वाक्यात यायला ३ जून १९९० हा दिवस उजाडावा लागला.

आणखी मागे गेलो तर असे दिसते, की ‘प्रोफेस’ आणि ‘डीम्ड’ यांची ही जोडी इंग्रजांच्या राज्यातली आहे. १९३६ च्या अनुसूचित जाती आदेशात भारतीय ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीची ‘डीम’ करू नये असे होते, आणि बंगालमध्ये जो बौद्ध धर्म किंवा आदिवासी धर्म ‘प्रोफेस’ करतो त्यालाही करू नये असे होते. म्हणजे बुद्धाचे नाव घेणाऱ्याला वगळण्याची ही रीत स्वतंत्र भारताने नव्याने शोधलेली नाही. ती त्याला आयती मिळाली होती, आणि त्याने ती बराच काळ सांभाळली.

‘प्रोफेस’ म्हणजे मनात ठेवणे नव्हे

‘प्रोफेस’ हा शब्द लॅटिनमधून आलेला आहे. लोकांसमोर उघडपणे सांगणे, जाहीर करणे, हा त्याचा मूळ अर्थ. आपण ज्याला प्रोफेसर म्हणतो तो याच धातूचा. स्वतःची विद्या जो चारचौघांत जाहीरपणे मांडतो तो प्रोफेसर. घरात बसून जो गुपचूप वाचतो तो विद्वान असेल, पण प्रोफेसर नव्हे. बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्रोफेसर झाले, ते शेकडो विद्यार्थ्यांसमोर उभे राहून बोलण्यासाठी. या शब्दाच्या पोटातच सभा आहे, श्रोते आहेत, उच्चार आहे.

संविधानाच्या २५व्या अनुच्छेदात हाच शब्द आहे. त्या अनुच्छेदाने प्रथम सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले, आणि त्यानंतर धर्म प्रोफेस करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला. येथे वाचकांनी थोडे थांबून विचार करावा. मनातल्या मनात श्रद्धा बाळगणे हे विवेकस्वातंत्र्यात आलेच. तेवढ्यावरच भागत असते तर पुढचा शब्द घालण्याचे कारण काय? कारण हेच, की मनात धरणे ही एक गोष्ट आणि ती जगाला सांगणे ही वेगळी गोष्ट. पहिलीला कोणताही राजा आजवर हात लावू शकलेला नाही. छळ झाला तो दुसरीसाठी. म्हणून दुसरीला संरक्षणाची गरज होती.

या बाबतीत मराठी भाषांतरकारांचे आपण ऋणी आहोत. संविधानाच्या हिंदी प्रतीत या ठिकाणी ‘मानने’ असा शब्द योजलेला आहे. मानणे ही मनाची क्रिया. ती बंद दाराआडही होते. मराठी प्रतीत मात्र ‘प्रकटीकरण’ असा शब्द आहे. प्रकट करणे म्हणजे झाकलेले उघड्यावर आणणे. इंग्रजी शब्दाचा गाभा मराठीत अचूक उतरला आहे. तेव्हा “मनात बुद्ध, कागदावर हिंदू” असे सांगणाऱ्या गृहस्थाला एवढेच विचारावे : संविधानाने तुम्हांला प्रकट होण्याचा हक्क दिला, आणि तुम्ही लपण्याची मुभा मागता, मग तो हक्क दिला कोणासाठी?

नागपूरचा खटला

‘प्रोफेस’चा अर्थ केवळ कोशात पाहून ठरविण्याची पाळी आपल्यावर नाही. तो सर्वोच्च न्यायालयाने ठरविलेला आहे, आणि तोही आपल्या नागपूरच्याच प्रकरणात.

१९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत नागपुरातील अनुसूचित जातींसाठी राखीव अशा विधानसभा मतदारसंघातून डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. त्यांच्या निवडीला पंजाबराव यांनी आव्हान दिले. आक्षेप असा, की मेश्राम यांनी मार्च १९५७ मध्ये बौद्ध धर्म स्वीकारलेला आहे, सबब ते अनुसूचित जातीचे उरलेले नाहीत आणि राखीव जागेवर उभे राहण्यास अपात्र आहेत. मेश्राम यांनी धर्मांतर नाकारले. निवडणूक न्यायाधिकरणाने धर्मांतर झाल्याचे मानून निवड रद्द केली. उच्च न्यायालयाने धर्मांतर सिद्ध होत नाही असे म्हणून तो निर्णय फिरविला. आणि अखेर १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने धर्मांतर सिद्ध झाले असे ठरवून निवड रद्दच केली.

या निकालात न्यायमूर्तींनी ‘प्रोफेस’चा अर्थ इंग्रजी कोशांतून काढला आणि असे म्हटले, की राष्ट्रपतींच्या आदेशात हा शब्द उघड घोषणा किंवा उघड आचरण या अर्थाने आलेला आहे. मनुष्य जाहीरपणे म्हणाला की आपण जुना धर्म सोडला व नवा स्वीकारला, तर तो नवा धर्म प्रोफेस करतो असे धरावयाचे. त्यानंतर, ते धर्मांतर शास्त्राप्रमाणे परिणामकारक झाले की नाही, विधी पूर्ण झाला की अपुरा राहिला, याची चौकशी करणे निरर्थक होय.

मेश्राम यांच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद होता. संविधानाच्या २५व्या अनुच्छेदातील एका स्पष्टीकरणात हिंदू या शब्दात शीख, जैन व बौद्ध यांचा अंतर्भाव केलेला आहे. मग आदेशातील ‘हिंदू’ या शब्दातही बौद्ध का धरू नयेत? न्यायालयाने तो मान्य केला नाही. ते स्पष्टीकरण हिंदूंच्या धार्मिक संस्था सर्वांना खुल्या करण्यासंबंधीच्या कलमापुरतेच आहे, आणि आदेशात शिखांचे नाव वेगळे घालावे लागले यावरूनच तेथे ‘हिंदू’ हा शब्द व्यापक अर्थाने नाही हे दिसते, असे त्यांचे म्हणणे.

या निकालाकडे दोन नजरांनी पाहता येते. पहिली नजर तोट्याची. एका मतदारसंघाची निवड रद्द झाली, आणि बुद्धाचे नाव उघडपणे घेणाऱ्याला राखीव जागेचा दरवाजा बंद आहे हे सर्वोच्च पातळीवर ठरले. त्या काळी हा घाव खोल लागला, यात शंका नाही. परंतु दुसरी नजर अर्थाची. न्यायालयाने धर्म ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती दिला? भटजीच्या नव्हे, मठाच्या नव्हे, कचेरीच्याही नव्हे. ज्याने तोंड उघडून सांगितले त्याच्या हाती. “तुमचे धर्मांतर खरे कशावरून? विधी कोणी केला?” असे विचारणाऱ्याला या निकालात उत्तर आहे. जाहीर उच्चार झाला, धर्म प्रोफेस झाला.

या निकालाच्या दहा वर्षे आधी, १९५४ साली, याच न्यायालयापुढे भंडारा लोकसभा मतदारसंघातील असाच एक प्रश्न आला होता. गंगाराम ठवरे हे जन्माने महार, परंतु महानुभाव पंथात गेलेले. त्यांना अनुसूचित जातीचे मानावे की नाही? न्यायालयाने तीन गोष्टी पाहिल्या : जुना समाज काय म्हणतो, स्वतः त्या माणसाचा हेतू काय, आणि नव्या पंथाचे नियम काय. ठवरे यांना जातीने टाकले नव्हते आणि त्यांनीही जात टाकली नव्हती. म्हणून ते महारच राहिले, असा निर्णय झाला. म्हणजे जात आणि पंथ या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणी एकत्र नांदू शकतात, हे न्यायालयाने दीक्षासोहळ्याच्या दोन वर्षे आधीच मान्य केले होते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल, म्हणून लक्षात असू द्यावी.

एकाच शब्दाचे दोन न्याय

आता या दोन्ही ठिकाणांतला विरोध पाहा. २५वा अनुच्छेद सांगतो, धर्म प्रोफेस करणे हा तुझा हक्क आहे. १९५० चा आदेश सांगत होता, हा हक्क तू वापरलास तर तुझे इतर हक्क काढून घेऊ. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने त्याची किंमत वसूल केली. जो गप्प राहिला त्याची शिष्यवृत्ती शाबूत. जो बोलला त्याची गेली. सत्य बोलण्यावर असा कर बसविणारे दुसरे वाक्य आमच्या कायद्याच्या पुस्तकात शोधून काढावे लागेल.

आणि गंमत अशी, की हेच बौद्ध १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यासाठी मात्र त्या कायद्याच्या कक्षेत होते व आहेत. लग्न लावताना, काडीमोड घेताना, तुम्ही आमच्या कायद्याखाली या. शिष्यवृत्ती मागताना आणि उमेदवारी अर्ज भरताना, तुम्ही आमचे कोण? चौतीस वर्षे हा व्यवहार चालला. अस्पृश्यता मात्र धर्मांतराचा दाखला पाहून थांबत नव्हती. गावच्या विहिरीवर, हॉटेलातल्या कपबशीवर, भाड्याच्या खोलीच्या दारावर कोणी विचारीत नव्हते, की तुम्ही कोणता धर्म प्रोफेस करता.

बाबासाहेबांना हा प्रश्न आधीच दिसला होता. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात त्यांनी सवलती जातील या भीतीचा स्वतःहून उल्लेख केला, आणि ज्याने हे हक्क मिळविले तो ते पुन्हा मिळवू शकतो, अशा आशयाचा धीर दिला. अवघ्या काही आठवड्यांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, ते गेले. पुन्हा मिळविण्याचे काम समाजावर येऊन पडले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने आपल्या अखत्यारीतील शिक्षणाच्या व नोकऱ्यांच्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. परंतु केंद्राच्या नोकऱ्या आणि लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागा या आदेशाच्या वाक्यात अडकलेल्या होत्या. १९६४ च्या डिसेंबरात रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह केला. त्याच्या मागण्यांत धर्मांतरित बौद्धांच्या सवलतींची मागणी होती. सत्याग्रही तुरुंगात गेले. तरीही त्या वाक्यात एक शब्द घालण्यास आणखी पाव शतक लागले.

हे येथे सांगण्याचे कारण एवढेच, की आज जो तरुण अर्जाच्या धर्माच्या रकान्यापुढे बेफिकिरीने वाटेल ते लिहितो, त्याला त्या रकान्याची किंमत ठाऊक असावी.

‘डीम्ड’ म्हणजे असणे नव्हे

आता दुसरा शब्द. ‘डीम्ड’ या शब्दाचा कायद्यातला अर्थ ‘आहे’ असा नाही. त्याचा अर्थ ‘आहे असे मानले जाईल’ असा आहे. मूळ इंग्रजीत या धातूचा अर्थ न्याय देणे, निवाडा करणे. म्हणजे हे निवाडा करणाऱ्याचे क्रियापद आहे. ज्याच्याविषयी निवाडा होतो त्याचे नव्हे. डीम्ड युनिव्हर्सिटी हा शब्द आपल्या मुलांच्या तोंडी आहे. अशी संस्था विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ नसते. परंतु विशिष्ट प्रयोजनासाठी सरकार तिला विद्यापीठ मानते. मराठीत सरकारने या शब्दाला ‘मानीव’ असा नेटका प्रतिशब्द दिलेला आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे मानीव अभिहस्तांतरण पुष्कळांनी ऐकले असेल.

आणि जातीच्या दाखल्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्याकडे ज्याने अर्ज केला आहे, त्याने ‘मानीव दिनांक’ हे शब्द ऐकले नाहीत असे होणारच नाही. अनुसूचित जातींसाठी हा मानीव दिनांक १० ऑगस्ट १९५० हा आहे. त्या दिवसाच्या आधी अर्जदाराचे पूर्वज या राज्यात राहत होते व अमुक जातीचे होते, याचा पुरावा लागतो. म्हणून आपल्या विदर्भात आजोबांच्या शाळेची दाखल-खारीज नोंदवही, कोतवाल पंजीची नक्कल, अधिकार अभिलेखाचा उतारा यांचा शोध सुरू होतो.

आता तारखा शेजारी मांडा. मानीव दिनांक १९५० चा. दीक्षा १९५६ ची. म्हणजे कायदा जो पुरावा मागतो तो आपल्या धर्मांतराच्या आधीच्या काळाचा आहे. त्या कागदावर ‘महार’ असणार, ‘मांग’ असणार, ‘हिंदू’ही असणार. त्यावरून आज तुमचा धर्म ठरत नाही. सरकार तुम्हांला विचारते ते एवढेच : समाजाने तुमच्या आजोबांना कोणत्या ओळीत बसविले होते? त्या उत्तरावरून सरकार तुम्हांला विशिष्ट प्रयोजनापुरते अनुसूचित जातीचे ‘मानते’. हा मानण्याचा व्यवहार सरकारचा आहे. त्यात तुमची श्रद्धा, तुमचा अभिमान, तुमची कबुली यांपैकी काहीही गुंतलेले नाही.

थोडक्यात, ‘प्रोफेस’ या क्रियापदाचा कर्ता तुम्ही आहात. ‘डीम्ड’ या क्रियापदाचा कर्ता सरकार आहे. पहिले तुम्ही काय आहात हे सांगते. दुसरे तुमच्यावर काय लादले गेले होते याची नोंद घेते.

तीन सल्ल्यांना उत्तर

प्रथम भित्र्याला उत्तर. ३ जून १९९० पूर्वी ज्या बापाने पोराच्या शिष्यवृत्तीसाठी धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ राहू दिले, त्याला आम्ही दोष देणार नाही. त्याच्या एका हातात बुद्धमूर्ती होती आणि दुसऱ्या हातात पोराचे पुस्तक. कायद्याने त्याला एक हात रिकामा करायला लावले. तो अपराध कायद्याचा. परंतु आज ते कारण उरलेले नाही. धर्म ‘बौद्ध’ आणि जात अनुसूचितील, असे असताना हक्क जात नाहीत. हे आता आदेशाच्याच वाक्यात लिहिलेले आहे. मग आज जो लपतो तो कायद्यामुळे लपत नाही. शेजारी काय म्हणेल, साहेब काय म्हणेल, घरमालक काय म्हणेल, यामुळे लपतो. त्याने निदान कायद्याचे नाव पुढे करू नये. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म बौद्ध असा सांगितला. १९६१ साली ही संख्या सुमारे २८ लाख होती. आणि १९५१ साली जेमतेम अडीच हजार होती. हे आकडे ‘मानणाऱ्यां’चे नाहीत, ‘प्रोफेस’ करणाऱ्यांचे आहेत. प्रगणक माणसाच्या मनात डोकावत नाही. तो तोंडून आलेला शब्द लिहितो.

आता अतिनिष्ठाला उत्तर. त्याच्याविषयी आम्हांला आदर आहे, कारण त्याची चीड खरी आहे. जी जात टाकण्यासाठी धर्मांतर केले ती पुन्हा हाताने का लिहावी, हा त्याचा प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु चीड खरी असली म्हणून तर्क खरा ठरत नाही. ज्याच्या शेतावर दांडग्याने अतिक्रमण केले, तो तहसीलदाराकडे अर्ज करताना अतिक्रमणाचा उल्लेख करतो. म्हणून त्याला अतिक्रमण मान्य असते काय? ज्याचे डोके फुटले तो जबानीत काठीचे नाव घेतो. म्हणून तो काठीचा भक्त होतो काय? जातीच्या रकान्यातील शब्द हा असाच अतिक्रमणाचा उल्लेख आहे.

शिवाय व्यवहार पाहावा. अनुसूचित जातींच्या यादीत ‘बौद्ध’ या नावाची जात नाही, ‘नवबौद्ध’ या नावाचीही नाही. असूही नये, कारण बौद्ध ही जातच नव्हे. तेव्हा जातीच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिणारा एकाच वेळी दोन तोटे करतो. हक्काच्या दृष्टीने तो यादीबाहेर जातो. आणि तत्त्वाच्या दृष्टीने तो बुद्धाच्या धम्माला जातीच्या रकान्यात कोंबतो. जो धम्म जात मोडण्यासाठी घेतला त्यालाच जात बनविणे, याला निष्ठा कशी म्हणावी? धम्माचे नाव धर्माच्या रकान्यात शोभते. तेथे ते ठळक अक्षरांत लिहावे.

राहता राहिला कारकून. त्याला उत्तर सर्वांत सोपे आहे. अर्जात रकाने दोन आहेत, कारण प्रश्न दोन आहेत. आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात ‘बौद्ध’ हा शब्द १९९० साली घातला गेला, तो याच हेतूने, की बौद्ध धर्म प्रोफेस करणारी व्यक्ती यादीतील जातीची मानली जावी. “दोन्ही कसे?” हा प्रश्न कारकुनाने अर्जदाराला विचारू नये, संसदेला विचारावा, आणि तिचे उत्तर राजपत्रात छापलेले आहे, ते वाचावे.

येथे एका गैरसमजाचाही निरास केला पाहिजे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध होणाऱ्या प्रत्येकाला अनुसूचित जातीचे केलेले नाही. यादीतल्या जातीत जन्मलेला मनुष्य बौद्ध झाला तर त्याचा हक्क कायम राहतो, एवढेच तिने केले. मातंग कुटुंब बौद्ध झाले, ते यादीत राहते. यादीबाहेरच्या जातीतले कुटुंब बौद्ध झाले, त्याचे आम्ही स्वागत करू. पण त्याला त्यामुळे हा दाखला मिळणार नाही. हे आधीच स्पष्ट सांगावे. धम्म दाखल्यासाठी घ्यायचा नसतो.

कागद किरकोळ नसतो

“एवढ्याशा शब्दाने काय होते?” असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या रामटेककडेच पाहावे. रामटेक लोकसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. मार्च २०२४ मध्ये येथील एका उमेदवाराचे जात वैधता प्रमाणपत्र पडताळणी समितीने रद्द केले आणि त्यावरून नामनिर्देशनपत्र फेटाळले गेले. एप्रिलमध्ये मतदान होऊन गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समितीचा तो आदेश रद्द केला. न्याय मिळाला, पण निवडणूक परत आली नाही. त्या प्रकरणाचा धर्मांतराशी संबंध नव्हता. तरी त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. लोकसभेच्या उमेदवाराचे एका कागदावरून असे होते, तर वसतिगृहाच्या प्रवेशासाठी रांगेत उभ्या असलेल्या आमच्या मुलीचे काय होईल? तिच्यासाठी कोण उच्च न्यायालयात जाणार? कागदाची लढाई कचेरीत जिंकायची नसते. ती शाळेत नाव घालण्याच्या दिवशी जिंकायची असते.

म्हणून नवदीक्षित कुटुंबांनी एवढे करावे. मुलाचे नाव शाळेत घालताना धर्म ‘बौद्ध’ आणि जातीच्या ठिकाणी यादीतील नेमके नाव लिहावे. ‘हरिजन’, ‘दलित’, ‘नवबौद्ध’ असली मोघम नावे लिहू नयेत. आजोबांच्या जुन्या नोंदीवरील जातीचे नाव लाजेने खोडण्याचा प्रयत्न करू नये. ती नोंद आपला पुरावा आहे. जी जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाने व्हावयाची आहे, तिच्यात धर्म आणि जात अशा दोन्ही गोष्टी विचारल्या जाणार आहेत. प्रगणक दाराशी आला म्हणजे घरातल्या एकाने पुढे होऊन दोन्ही उत्तरे स्पष्ट सांगावी आणि तो काय लिहितो ते पाहावे. तो न विचारताच ‘हिंदू’ लिहू लागला तर त्याचा हात थांबवावा.

उरलेला अन्याय

हे सारे झाल्यावरही त्या वाक्याविषयी आम्ही समाधानी नाही. तिसऱ्या परिच्छेदात आमचे नाव आले. वाक्याचा सांगाडा तोच राहिला. ज्या महाराने येशूचे नाव घेतले, ज्याने अल्लाचे नाव घेतले, त्याच्या बाबतीत ‘प्रोफेस’ हा शब्द आजही तेच काम करतो, जे तो चौतीस वर्षे आमच्या बाबतीत करीत होता. आम्ही आत आलो म्हणून दार नीट आहे असे म्हणणे आम्हांला शोभत नाही. माणसाचा उच्चार हा हक्क आहे की अपराध आहे, हा प्रश्न एका धर्माचा नाही. हक्क असेल तर तो कोणत्याही धर्माच्या नावाने उच्चारला तरी हक्कच राहिला पाहिजे; आणि अस्पृश्यतेच्या जखमेचे मोजमाप जखमेवरून व्हावे, प्रार्थनेवरून होऊ नये. ज्यांनी हे वाक्य सोसले आहे, ते बदला म्हणून सांगण्याचा पहिला अधिकार त्यांचाच.

बंधु-भगिनींनो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या वाडवडिलांनी नागपुरात काय केले? त्यांनी कोणता कागद भरला नाही, कोणता शिक्का मागितला नाही. त्यांनी उभे राहून, हात जोडून, मोठ्याने शब्द उच्चारले. कायद्याच्या भाषेत ज्याला ‘प्रोफेस’ म्हणतात ते त्यांनी केले, आणि त्यांतल्या पुष्कळांना त्या शब्दाचा अर्थ न्यायालयाने ठरविण्यापूर्वीच तो ठाऊक होता. त्यांच्या उच्चाराची किंमत त्यांच्या मुलांनी चौतीस वर्षे भरली. आता किंमत भरावी लागत नाही. फक्त उच्चार करावा लागतो. सरकारला जे मानायचे ते सरकार मानीत राहील. आपण कोण आहोत, हे आपण आपल्या तोंडाने सांगावे.